नवाजो हीलिंग किट : वाळू घ्या, धूर सोडा

आधी नावाचं बघू. बॉक्सवर ठळक अक्षरांत ‘नवाजो’ छापलंय. इंग्रजी स्पेलिंगमधला जे बघून कुणीतरी तो जसाच्या तसा देवनागरीत बसवला. शब्द स्पॅनिशच्या वाटेने आलेला, म्हणून उच्चार नवाहो. नवाहो ही अमेरिकेतली एक आदिवासी जमात. ते लोक स्वतःला दिने म्हणतात, म्हणजे नुसतं ‘माणसं’. कोल्हापुरात राजारामपुरी आणि ताराबाई पार्कातल्या क्रिस्टल-अगरबत्तीच्या दुकानांत हे खोकं सध्या १,८५० रुपयांना मिळतंय. घरात शांती, आजारातून मुक्ती, नात्यात गोडवा, असं सगळं झाकणावरच कबूल करून टाकलंय. त्यातलं नवाहो किती आणि कामाचं किती, एवढाच इथे प्रश्न.

खोकं उघडलं की बहुतेक जण पहिल्यांदा सेजची, म्हणजे धुरासाठी जाळायच्या सुगंधी पाल्याची, जुडी पेटवतात. जुडी चार इंचांची, पांढरट राखाडी, मखमली पानांची. माल खोटा नाही, व्हाइट सेजच आहे. पण हे झुडूप दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात उगवतं. नवाहो मुलूख तिथून बराच पूर्वेला, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून सुमारे ७१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या नऊपटींहून मोठा. तिथल्या विधींत निखाऱ्यावर पडतं ते ज्युनिपर, ज्याला तिकडे बोलताना सीडर म्हणतात. सेजब्रश हेही तिथलं झुडूप, पण ते व्हाइट सेजच्या जातकुळीतलं नव्हे. नावात सेज आहे म्हणून दोन्ही एकच, असं पुस्तिका लिहिणाऱ्याने धरून चाललंय. शिवाय जगभर मागणी वाढल्यापासून व्हाइट सेज डोंगरातून पोत्यांनी चोरून तोडलं जातं. पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही.

पेटवण्याबद्दल. जून ते सप्टेंबरात ही जुडी कोल्हापुरात धड जळत नाही. दोरा घट्ट आवळलेला, पानांनी हवेतला ओलावा शोषलेला. बाहेरून काळी पडते, आतून विझते, आणि लोक पुन्हा पुन्हा लायटर लावत बसतात. दोरा सोडून पानं सुटी करा, तासभर कोरड्या जागी पसरा आणि एका वेळी दोन-तीनच पानं जाळा. खिडकी उघडी हवी. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर हा उद्योगच नको. धूर तो धूरच, मग तो कॅलिफोर्नियाचा असो की महाद्वार रोडवरच्या उदाचा.

राख झेलायला ॲबलोनचा शिंपला दिलाय. त्यात थेट निखारा ठेवला तर आतला चमकदार थर तडकतो. बोटभर साधी वाळू घालून त्यावर पानं ठेवली तर टिकेल. मात्र नवाहो माणसाने हे पाहिलं तर तो वाळूच्या आधीच थांबेल. त्यांच्या भूमीच्या चार दिशांना चार पवित्र पर्वत आहेत आणि प्रत्येकाचा रंग आणि रत्न ठरलेलं आहे : पूर्वेला ब्लँका पीक, पांढरा शिंपला, दक्षिणेला माउंट टेलर, निळा फिरोजा, पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को पीक्स, पिवळा ॲबलोन, उत्तरेला हेस्पेरस, काळा जेट दगड. पश्चिमेच्या पर्वताच्या रत्नात राख झाडायची म्हणजे देव्हाऱ्यातल्या शंखाचा ॲशट्रे करण्यासारखं आहे.

आता वाळूचित्र. खोक्यातला सगळ्यात चांगला भाग हाच. बारा इंच बाय बारा इंचाचा एमडीएफचा फळा, त्यावर पुसट छापलेली मक्याच्या रोपाची आकृती, पाच रंगांच्या वाळूची प्रत्येकी १०० ग्रॅमची पाकिटं, ५० मिलिलिटर पांढरा गोंद, एक ब्रश. वाळू धुतलेली, एकसारख्या दाण्याची. हाताला रंग लागत नाही, आणि हे कौतुकाने सांगण्यासारखं आहे, कारण बाजारातल्या बऱ्याच रंगीत वाळूचा रंग ओल्या गोंदात उतरतो.

पण प्रमाण चुकलंय. फळ्याचा पाऊण भाग पार्श्वभूमीचा, म्हणजे जवळपास सातशे चौरस सेंटिमीटर. मिलिमीटरभर थर धरला तरी शंभरेक ग्रॅम वाळू तिथेच बसते. पाकीट जेमतेम तेवढंच. वाळूकामात गोंदावर वाळू सढळ हाताने उधळायची आणि जास्तीची झटकून परत घ्यायची असते. उधळायलाच नसली की थर विरळ राहतो आणि खालचा फळा पिवळट डोकावतो. पार्श्वभूमीच्या रंगाचं आणखी एक पाकीट लागणार हे आधीच धरून चाला. लक्ष्मीपुरीतून रांगोळी आणून वेळ मारून नेता येईल, असं वाटेल. नेता येते, पण भरड रांगोळीच घ्या आणि रव्याच्या चाळणीतून पीठ काढून टाका. बारीक पिठूळ रांगोळी गोंद पिते, तिचे गोळे होतात आणि वाळल्यावर पापुद्रे सुटतात.

पुस्तिका सांगते, आधी आकृती करा, मग पार्श्वभूमी भरा. उलट करा. गोंदाच्या दोन भागांत एक भाग पाणी मिसळा, तळहाताएवढा पट्टा रंगवा, लगेच वाळू पसरा, बोटांनी हलकेच दाबा. वीसेक मिनिटांनी फळा तिरका करून झटका. अख्ख्या फळ्यावर एकदम गोंद लावला तर शेवटच्या कोपऱ्याला पोचेपर्यंत पहिला कोपरा वाळलेला असतो. नव्या माणसाचं चित्र इथेच बिघडतं. पार्श्वभूमी रात्रभर वाळू द्या, मग तिच्यावर मध्यापासून बाहेरच्या दिशेने आकृती. मधून बाहेर जाण्यात सोयही आहे, कारण हात पूर्ण झालेल्या भागावर टेकत नाही. मूळ वाळूचित्रही असंच मध्यातून बाहेर वाढत जातं.

रेघेसाठी गोंद अजिबात पातळ करू नका, बारीक ब्रशने सलग ओढा. आणि इथे कोल्हापूरच्या बायकांचा हात उपयोगी पडतो, पण थोडा बदलून. आपण रांगोळी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून सोडतो. नवाहो कारागीर वाळू मुठीत घेतो, तर्जनी वाकवतो आणि तिच्यावरून अंगठ्याच्या दाबाने धार सोडतो. रांगोळीपेक्षा वाळूचा दाणा जड आणि वाहता, त्यामुळे चिमटीतून तो भसकन पडतो. वाकवलेल्या बोटावरून धार बारीक येते आणि हात न थांबवता वीतभर रेघ निघते. दहा मिनिटं कागदावर सराव केला की जमतं.

रंगांबद्दल एक तक्रार. किटमधला निळा फेस्टिवलच्या मांडवासारखा भडक आहे. पारंपरिक चित्रातली निळी वाळू म्हणजे पुष्कळदा कोळशाची पूड आणि पांढरी वाळू यांचं मिश्रण. डोळ्याला ते निळसर राखाडी दिसतं. लाल आणि काळा मिसळून तपकिरी. बाकी रंग दगडांतून : पांढऱ्यासाठी जिप्सम, पिवळ्यासाठी गेरूच्या कुळातली पिवळी माती, लाल वालुकाश्म. किटमधली पांढरी वाळू वाटीभर घेऊन त्यात चमचा-चमचा कोळशाची पूड मिसळून बघा. भडक निळ्याशेजारी ती ठेवली की फरक आपोआप समजेल.

चित्राभोवती इंद्रधनुष्याची चौकट छापलीय, चारी बाजूंनी बंद. नवाहो चित्रात इंद्रधनुष्य तीन बाजूंनी राखण करतं आणि पूर्वेची बाजू मोकळी असते. त्यांच्या होगानचं, म्हणजे विधी होतो त्या घराचं, दारही पूर्वेलाच. किटवाल्याने ती बाजू लिंपून टाकलीय. गंमत अशी की ही चूक एका परीने बरीच झाली. विकण्यासाठी फळ्यावर वाळूचित्रं करणारे नवाहो कारागीर मुद्दाम रंग फिरवतात किंवा एखादी आकृती गाळतात, म्हणजे विधीतलं चित्र जसंच्या तसं भिंतीवर जाऊ नये. किटवाल्याला ते न कळता साधलंय.

विधीतल्या चित्राला गोंद नसतोच. होगानच्या जमिनीवर स्वच्छ वाळूचा थर पसरून, त्यावर कोरडी पूड सोडत ते करतात. कधी हात-दीड हाताचं, कधी अख्खी जमीन व्यापणारं. मोठ्याला डझनावारी मदतनीस लागतात. त्याला ईकाह म्हणतात, अर्थ साधारण ‘देव येतात-जातात ती जागा’. चित्र पूर्ण झालं की त्यावर मक्याचे परागकण शिंपडतात आणि आजारी माणसाला त्यावर बसवतात. चित्रातल्या देवतेच्या पायाची वाळू रुग्णाच्या पायाला, छातीची छातीला, डोक्याची डोक्याला लावली जाते. मग चित्र मोडतात आणि ती वाळू बाहेर नेऊन टाकतात. सकाळी सुरू केलेलं चित्र सूर्य मावळायच्या आत संपलेलं असतं. आजार वाळूने ओढून घेतलेला असतो, ती ठेवून कसं चालेल? पुस्तिका मात्र म्हणते, तयार चित्र बेडरूमच्या ईशान्य भिंतीवर लावा. नवाहोंवर वास्तूचं कलम. चित्र म्हणून हॉलमध्ये खुशाल लावा, त्याला उपचार म्हणू नका.

पुस्तिकेतलं सगळ्यात मोठं भोक वेगळंच आहे. सोळा पानांत गाणं हा शब्द एकदाही येत नाही. विधी करणाऱ्याला नवाहो भाषेत हताली म्हणतात, म्हणजे गाणारा. वैदू नव्हे, पुजारी नव्हे, गाणारा. विधीला ते इंग्रजीत ‘सिंग’च म्हणतात. संबळ, दिवट्या आणि परडी विकत आणली म्हणून घरात गोंधळ घातला असं कोल्हापुरात कुणी म्हणणार नाही. गोंधळी लागतो, त्याला कथा तोंडपाठ लागते, रात्र जागवावी लागते. इथेही तसंच. दोन रात्रींचे, पाच रात्रींचे, नऊ रात्रींचे विधी असतात, शेकडो गाणी क्रमाने यावी लागतात आणि क्रम चुकणं ही साधी गोष्ट मानत नाहीत. एका हतालीला सगळे विधी येत नाहीत. एखादा मोठा विधी पूर्ण शिकायला गुरूच्या मागे कित्येक वर्षं जातात.

त्याच्याही आधी निदान. आजाराचं नाव काय यापेक्षा तो कशामुळे आला हे आधी शोधायचं : वीज, साप, वारा, मेलेल्याचा स्पर्श, मोडलेला एखादा नेम. ते शोधणारा माणूस बहुधा वेगळा असतो. कुणाचा हात थरथरतो, कुणी ताऱ्यांकडे बघून सांगतो. त्यावरून विधी ठरतो. ब्लेसिंगवे हा तर आजार काढायचा विधीच नाही. गर्भारपण, नवं घर, प्रवासाला निघणारा माणूस यांच्या भल्यासाठी तो करतात. त्यातली चित्रंही रंगीत वाळूची नसतात, परागकण आणि मक्याच्या पिठाची असतात. लढाईवरून परतलेल्यांसाठी एनिमीवे, तो उन्हाळ्यातला. नाइटवे नऊ रात्रींचा आणि फक्त थंडीतला, साप बिळात गेल्यावर. पुस्तिकेत ‘नाइटवे ध्यान, रोज झोपण्यापूर्वी ११ मिनिटं’ असं एक पान आहे. मे महिन्यात, पंख्याखाली.

विधीच्या पहाटे घाम काढणं, ओकारीचं औषध, युका नावाच्या वाळवंटी झुडपाच्या मुळाच्या फेसाने आंघोळ, हे सगळं रुग्णाला करावं लागतं. शेवटच्या रात्री गाणं पहाटेपर्यंत चालतं आणि उजाडताना रुग्ण पूर्वेकडे तोंड करून पहाट श्वासात भरून घेतो. पुढचे चार दिवस पथ्य. या सगळ्या दिवसांत नातेवाईक जमलेले, मेंढ्या कापलेल्या, स्वयंपाक चालू, खर्च घरच्यांनी मिळून उचललेला. हतालीला मोबदला द्यावाच लागतो, नाही तर विधी लागू पडत नाही अशी समजूत आहे. एकट्याने, बंद खोलीत, कानात इअरफोन घालून करायचा यात काहीच नाही. होझो या शब्दाचं भाषांतर पुस्तिकेत ‘शांती’ केलंय. सौंदर्य, आरोग्य, सुव्यवस्था, माणसामाणसांत आणि माणूस-निसर्गात बसलेली घडी, हे सगळं त्या एका शब्दात आहे. घडी विस्कटली की आजार. गाण्याने ती पुन्हा बसवायची. प्रार्थनेच्या शेवटी ‘पुन्हा होझो झालं’ अशा अर्थाचं वाक्य चार वेळा येतं.

वस्तू आणि गाणारा यांची फारकत केली की काय होतं हे संग्रहालयवाल्यांनाही उशिरा उमगलं. सांता फे इथलं व्हीलराइट संग्रहालय १९३७ मध्ये नवाहो हताली होस्टीन क्लाह आणि मेरी कॅबट व्हीलराइट यांनी मिळून उभं केलं. विधीची परंपरा बुडेल या धास्तीने क्लाहने स्वतः तिथे ज्ञान सोपवलं होतं. परंपरा काही बुडाली नाही, आणि १९७७ मध्ये संग्रहालयाने जिश, म्हणजे हतालीचे विधीचे पुडे, नवाहोंना परत केले.

उरलेल्या वस्तू पटकन उरकू. ड्रीमकॅचर नवाहो नाहीच, तो ग्रेट लेक्सकडच्या ओजिब्वे लोकांचा. दोन हजार किलोमीटरचा फरक. ‘मेडिसिन व्हील’चं, म्हणजे चार दिशांच्या रंगीत चक्राचं, कार्ड अमेरिकेतल्या मैदानी जमातींकडून उचललेलं, त्यात नवाहोंच्या निळ्याच्या जागी लाल आहे, त्यावरूनच चोरी पकडता येते. ‘गरुडाचं पीस’ रंगवलेल्या टर्कीचं आहे आणि ते खोटं निघालं हेच बरं; अमेरिकेत गरुडाच्या पिसांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. ‘पवित्र परागकण’ या पाकिटामागे बारीक अक्षरांत ‘मक्याचे पीठ’ असं लिहिलंय. परागकण म्हणजे मक्याचा तुरा झटकून मिळणारी पिवळी भुकटी. तिची चिमूट जिभेवर, मग टाळूवर ठेवून उरलेली समोर सोडतात. पिठालाही विधीत जागा आहे, पण परागकणांच्या नावाने नाही.

फिरोज्याची माळ तपासायला गुजरीत जायचीही गरज नाही. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवलेला कापूस मण्याच्या भोकाजवळ घासा. किटमधल्या मण्याने कापूस निळा केला. मग चाकूच्या टोकाने ओरखडा काढला तर आत पांढरं : रंगवलेला हाउलाइट. दगडांच्या मोस मोजपट्टीवर त्याची कठीणता साडेतीन, फिरोज्याची पाच ते सहा. म्हणून चाकू सहज चालतो.

झाकणावरचे दावे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पुस्तिकेच्या नवव्या पानावर मधुमेह आणि कर्करोग ही दोन्ही नावं आहेत. अशा आजारांवर उपायाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. आणि खुद्द नवाहो काय करतात? दवाखान्यात जातात, आणि विधीही करतात. ॲनी वॉनेका या नवाहो बाईंनी क्षयरोगाविरुद्ध काम करताना वैद्यकीय शब्दांना नवाहो प्रतिशब्द तयार केले, हताली आणि डॉक्टर दोघांशी बोलणी केली. १९६३ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक मिळालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कॅलिफोर्निया आणि ओरेगॉन या चार राज्यांत आदिवासींच्या पारंपरिक उपचारांचा खर्च सरकारी मेडिकेड योजनेतून द्यायला मंजुरी मिळाली. तिथे इन्सुलिन बंद करा असं कुणी सांगत नाही. इथल्या नवव्या पानावर ‘औषधांवरचं अवलंबित्व हळूहळू कमी करा’ असं छापलंय. ते पान फाडून टाका.

खोक्याच्या तळाशी आयातदाराचा पत्ता आहे, कारागिराचं नाव कुठेच नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर आपली चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता चालली तेव्हा या शहरात किती राग उसळला होता, आणि २०१९ चं जीआय मानांकन कसं हातात धरून सगळे बोलत होते, ते आठवा. नवाहोंनी आपल्या नावाचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क नोंदवलेला आहे. त्या नावाचे कपडे-वस्तू विकल्याबद्दल त्यांनी २०१२ मध्ये अर्बन आउटफिटर्सवर दावा लावला आणि २०१६ मध्ये तडजोड झाली. अमेरिकेत १९९० पासून आदिवासी कारागिराने न केलेली वस्तू त्याची म्हणून विकणं कायद्याने बंद आहे. म्हणून खरंच नवाहो वस्तू हवी असेल तर करणाऱ्याचं नाव आणि त्याची जमात लिहून मागा. दुकानदार ‘ट्रायबल स्टाइल’ म्हणाला की समजा.

पाचपैकी दोन तारे, दोन्ही वाळूला. पूर्ण खोकं घेऊ नका. दुकानात विचारलं तर वाळूची पाकिटं सुटी मिळतात, १०० ग्रॅमला ७० रुपये. फळा आणि गोंद स्टेशनरीच्या दुकानातून २०० रुपयांच्या आत येतो. पार्श्वभूमीसाठी फिकट तपकिरी तीन पाकिटं घ्या, पांढरी दोन, पिवळी, काळी आणि लाल एकेक. निळा घेऊ नका, कोळसा घरात असतोच.